बाई, तुमच्या वर्गात बसू दिलंत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

बदल्यांच्या यादीत तुमचं नाव आलं, तुम्ही कार्यमुक्तही झालात आणि निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं इतकी झाली की माझं म्हणणं राहूनच गेलं. चारचौघांसमोर लिहितोय, कारण आपल्या दोन शाळांमध्ये एकमेकांच्या तासाला बसण्याचं जे चाललं ते इतर केंद्रांतही, म्हणजे आसपासच्या शाळांच्या इतर गटांतही, सहज चालण्यासारखं आहे.

दुसऱ्याचा तास बघणं आपल्याला नवीन नाही. डी.एड.ला निरीक्षण वह्या भरल्याच होत्या: 'फलकलेखन सुवाच्य, आवाज खणखणीत'. नोकरी लागल्यावर वर्गात मागे येऊन बसणारा माणूस म्हणजे साहेब, आणि त्यांचं म्हणणं शेरेबुकात. शिक्षण परिषदेतल्या, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीतल्या, आदर्श पाठाची उत्तरं पोरांना आदल्या दिवशीच पाठ असतात, हे बघायला आलेल्यांनाही माहीत असतं. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे काही केंद्रांचा मिळून गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जायचे. त्या शाळांनी पुष्कळ दिलं. पण बघून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आणले ते मोबाइलमधले फोटो, आणि मग गावोगाव वर्गांच्या फरश्या तेवढ्या तशाच रंगल्या.

तुम्ही मात्र म्हणालात, "मंगळवारी माझ्या तासाला या. तयारी काही करणार नाहीये."

मी येणार म्हणजे माझे वर्ग कोण बघणार? द्विशिक्षकी शाळेत याहून मोठा प्रश्न नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी चारही वर्ग व्हरांड्यात एकत्र बसवून वाचन घ्यायचं कबूल केलं. हालचाल रजिस्टरात कारण काय लिहायचं यावर मात्र बराच खल झाला. शेवटी 'शैक्षणिक भेट' लिहिलं, केंद्रप्रमुखांनी सही केली.

तिसरीला वजाबाकी होती, ५०२ वजा १८७. मधे शून्य. मला मागे बसवताना तुम्ही एकच काम दिलंत: "माझ्याकडे बघू नका. खिडकीजवळच्या तिघांकडे बघा. ती काय करतात ते लिहा, तुम्हाला काय वाटलं ते नको." थोड्या वेळात अर्ध्या वर्गाचं उत्तर आलं, ४८५. सातातून दोन गेले पाच, आठातून शून्य गेलं आठ, पाचातून एक गेला चार. वरचा अंक कुठला, खालचा कुठला, याची फिकीर नाही. मोठ्यातून लहान वजा केला की झालं. तुम्ही फळ्यावर हातचा पुन्हा समजावलात. पोरांनी माना डोलावल्या आणि पुढचं उदाहरण अगदी तसंच सोडवलं. तास फसला. बाहेरचा माणूस बसलाय म्हणून तुम्ही सोपं उदाहरण घेऊन वेळ मारून नेली नाहीत. आभार मानायचे ते खरं तर याचेच.

मग खिचडी वाढेपर्यंत आपण ओट्यावर बसलो. "पाठ कसा झाला?" असं तुम्ही विचारलंच नाही. "त्या तिघांनी काय केलं?" एवढंच. माझ्या वहीत होतं: मधल्या मुलीने काड्यांचा शंभराचा गठ्ठा सोडला, दहा जुड्या झाल्या. त्यातली एक जुडी सोडून सुट्या केल्या. १८७ बाजूला काढले. उरले तीन गठ्ठे, एक जुडी, पाच सुट्या काड्या, म्हणजे बरोबर ३१५. आणि शेजारच्या पाटीवर तिनेच लिहिलं होतं ४८५! दोन्ही उत्तरं समोरासमोर होती आणि तिला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. काड्यांचं गणित वेगळं, पाटीचं वेगळं. फळ्याशी उभ्या माणसाला हे दिसणं शक्यच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तोच पाठ माझ्या वर्गात, आणि मागे तुम्ही. ओट्यावर ठरलं होतं तसं मुलं जोडीने बसवली. एकाने काड्या हाताळायच्या, दुसऱ्याने तेवढंच लिहायचं. गठ्ठा सुटला की पाचावर काट मारून वर चार, शून्यावर दहा. जुडी सुटली की दहाचे नऊ, दोनाचे बारा. तुमच्या वहीतली नोंद अशी होती: 'लिहिणारा काड्यांची वाट बघत नाही, पुढे पळतो.' म्हणून आता माझ्याकडे काड्यावाल्याने आकडा मोठ्याने सांगितल्याशिवाय लिहिणाऱ्याला पेन्सिल टेकवता येत नाही. भांडणं होतात, पण उत्तरं येतात.

जपानमध्ये शिक्षक असाच एक पाठ मिळून ठरवतात, एकाने घेतलेला बाकीचे बघतात, मग सुधारतात. त्याला 'जुग्यो केंक्यू' म्हणतात, असं मी तुम्हाला मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, "आणि शाळासिद्धीची माहिती कोण भरतं त्यांच्याकडे?" (शाळेने स्वतःचंच मूल्यमापन करून भरायची ती माहिती.)

तुमच्या जागी नवे शिक्षणसेवक, म्हणजे अजून कायम न झालेले शिक्षक, आलेत. त्यांना म्हटलं, मी येऊन बसू का? त्यांनी आधी विचारलं, टाचण (पाठाची लेखी तयारी) दाखवावं लागेल का? नाही म्हटल्यावरही दोन दिवस मागून घेतलेत. तुमचं 'तयारी काही करणार नाहीये' त्यांना सांगितलं, बघू.

एक मागणं आहे. तुमच्या नव्या केंद्रात सही मिळत असेल तर दिवाळीनंतर एक दिवस येतो. चौथीला भागाकार घ्या, ८१२ भागिले ४. आमच्याकडे निम्मी पोरं २०३ ऐवजी २३ लिहितायत. खिडकीजवळची जागा माझी.

आपला,
ओढ्यापलीकडच्या शाळेतला सर