बप्पा बोलेनात

परभणी
रात्रपाळी, मे महिना

सुमे,

बप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. आई म्हणते, "जाऊन पाया पड अन् मोकळी हो." तिला कसं समजावू? म्हणून तुला लिहायलेय. दिवाळीपासून पत्र नाही त्याचा राग नंतर काढ. इकडे सगळे बरे. आईची शुगर ताब्यात, माझी कंबर आहे तशीच.

भर दुपारची वेळ, बाहेर नुसता जाळ. कॅज्युअल्टीत मी, नवा इंटर्न अन् वॉर्डबॉय मामा. मोठे डॉक्टर सिझेरियनला गेलेले. तेवढ्यात दोन पेशंट एकदमच आले. बप्पांचा धाकटा मोटरसायकलवरून पडलेला, नडगी मोडलेली, मागं निम्मा गाव. पोरगं टाहो फोडायलं. अन् टेम्पोतून वीटभट्टीवरची एक बाई उतरवली, सोबत फक्त सून. मान टाकलेली, मधूनच "वासरू सोडा, वासरू सोडा" एवढंच पुटपुटायची. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, प्यालेली असंल.

मी आधी पोराकडेच गेले, हे बप्पा कुणाला सांगत नाहीत. श्वास नीट, बीपी ठीक, जखम उघडी नाही, पायाची नाडी लागत होती, बोटं गरम अन् हलत होती. पिवळा, म्हणजे थोडं थांबू शकतो. मामांनी फळी बांधली, इंटर्ननं दुखण्याचं इंजेक्शन दिलं, अन् मी बाईकडे वळले. अंग घामानं भिजलेलं. इंटर्न म्हणाला, "सिस्टर, घाम आहे म्हणजे उष्माघात नसणार." अरे लेकरा, घरात तापून निघालेल्या म्हाताऱ्याचं अंग कोरडं पडतं, राबता राबता कोसळलेल्याला घाम असू शकतो. बरळणं बघायचं. काखेतल्या थर्मामीटरवर भरवसा नाही, म्हणून गुदद्वारातून तापमान घेतलं. ४१.६ सेल्सिअस. लाल, म्हणजे सगळ्यात आधी हीच.

शुगर बघितली, पडदा ओढला, लुगडं सोडलं, अंगभर पाणी मारलं, दोन्ही पंखे तिच्याकडे फिरवले. मामा समोरच्या रसवंतीतून बर्फाची अख्खी लादी खांद्यावर घेऊन आले, शर्ट सगळा ओला! काखा, जांघा, मान. सलाईन. सून तळपायाला कांदा चोळत होती. तिच्या हातातला कांदा काढून ओला पंचा दिला, म्हटलं तू अंग पुसत राहा. इंटर्नला पॅरासिटामॉल लावायचं होतं. नको म्हटलं. तापात मेंदूच शरीराला गरम व्हायला सांगतो, तिथं ते औषध चालतं. इथं शरीराला उष्णता बाहेर टाकणंच जमत नाही, वर लिव्हरला आधीच मार बसलेला. मोठ्या दवाखान्यात न्यायचं का, म्हणून सून विचारत होती. आधी गार करायचं, मगच हलवायचं. ३९ला आलं तसा बर्फ काढला, नाहीतर पारा उतरतच राहतो.

तोवर बप्पा दारात. "आमचं लेकरू तडफडायलंय अन् तू भट्टीवालीला वारा घालायलीस? तुझी फी कुणी भरली होती गं?"

सगळ्यांसमोर, सुमे. मामांसमोर, त्या इंटर्नसमोर. फीचं तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तुझीही त्यांनीच भरली होती, अन् तेव्हा "पोरींनो, परत करायचं नाव काढायचं नाही" म्हणाले होते.

होस्टेलवर आपण यावरूनच चार दिवस अबोला धरला होता ना? ओरडणाऱ्याला आधी शांत करावं, नाहीतर नातेवाईक कुणालाच हात लावू देत नाहीत, हे तुझं म्हणणं. अन् मी म्हणायचे, ओरडतोय म्हणजे श्वास चाललाय. (कूलरवरचं भांडण वेगळं. कूलर माझ्याच खाटेकडे होता आणि तो योग्यच होता.) अन् आता बघ, लेहहून तूच लिहिलंस की, पाठ धरली म्हणून कण्हणाऱ्याला थांबवून "पाय दुखतच नाही" म्हणणाऱ्या हमालाला तू आधी आत घेतलंस, कारण बोटं थंडीनं गोठून पांढरी, लाकडासारखी झाली होती. सोबतचा बोटं चोळायला निघाला तर त्याचा हात धरलास, शेगडीपासून लांब बसवलंस, ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात पाय ठेवलेस, अन् मग तो जो ओरडला तेव्हा तुझ्या जिवात जीव आला. म्हणजे तू माझ्या पक्षात आलीस. हे तुझ्याकडून लेखी घेणार आहे.

बाई तिसऱ्या दिवशी सुनेला ओळखायला लागली. किडनीचे रिपोर्ट अजून धड नाहीत, त्याचा घोर आहे. पोराचं ऑपरेशन झालं, रॉड टाकला, चालेल तो.

मी त्याला बघायला जाणार आहे. जायलाच पाहिजे, तो माझ्या डोळ्यांसमोर वाढलाय. पण बप्पांसमोर "चुकलं" म्हणणार नाही. माझ्या हाताखाली दोन नव्या पोरी आल्यात. मी चुकलं म्हणाले की त्या उद्या ओळखीचा पेशंट आधी घेतील, अन् भट्टीवालीला कुणाची ओळख असती? पण त्यांचे उपकार खरे आहेत. ते कशानं फेडायचे, हे मला सुचेना. पैसे पाठवले तर अपमान समजतील. गप्प बसले तर मी माजले म्हणतील. तुला बप्पा माझ्यापेक्षा जास्त कळतात, तूच सांग.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिमणीला दात आले का? भाऊजींना तिथली थंडी मानवली का? सगळं सविस्तर कळव, आता बेल वाजायलीय.

अन् बप्पांना परस्पर फोन करू नकोस. केलासच तर आधी मला सांग.

तुझी,
रेखी