जुने गोवे ते नार्वे: सहलीचा मार्ग बदला

मा. संपादक,

शालेय सहलींचे दिवस आले की जुन्या गोव्यात ठरलेला क्रम दिसतो. बाँ जेझूस बासिलिकात रांगेने आत, रांगेने बाहेर, से कॅथेड्रलपुढे एक फोटो, मग मंगेशी, जेवण आणि संध्याकाळी मिरामार. एकेका ठिकाणाच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे येतात. चर्च एकाचे आणि देऊळ दुसऱ्याचे, एवढीच शिदोरी घेऊन मूल घरी परतते. या दोहोंच्या मधे काय घडले, ते त्याला कोणी सांगत नाही.

या बाबतीत फिलिपिन्सकडे पाहण्यासारखे आहे. आपल्या तारवटी (बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या) घरांना फिलिपिनो माणूस नवा नाही. बोटीवर दोघे एकाच पाळीत राबतात. 1565 पासून 1898 पर्यंत स्पेन, मग अमेरिका, मधे जपानी लष्कर. देशाला नावसुद्धा स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाचे. आपण नेमके कोण, हा वाद तिथे आजही संपलेला नाही. पण तो वाद त्यांनी वारसास्थळांच्या दाराबाहेर ठेवलेला नाही. मनिलाच्या तटबंदीतले इंत्रामुरोस हे जुने शहर बघा. तिथल्या सांतियागो किल्ल्यात फिलिपिन्सचे राष्ट्रनायक, कादंबरीकार होसे रिझाल कैदेत होते. 30 डिसेंबर 1896 रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कोठडीतून वधस्थळाकडे ते ज्या वाटेने गेले, तिच्यावर धातूची पावले बसवली आहेत. त्याच किल्ल्यात, 1945 साली जपानी कैदेत मेलेल्या सुमारे 600 जणांची समाधी आहे. स्पॅनिश तट, स्पेनने मारलेला नायक आणि जपान्यांचे बळी, हे सारे मूल एकाच फेरीत पाहते. रिझाल यांचे चरित्र आणि लेखन शाळा-कॉलेजात शिकवण्याची सक्ती करणारा कायदा 1956 चा. चर्चने त्याला कडाडून विरोध केला होता आणि धार्मिक कारणावरून मूळ कादंबऱ्या न वाचण्याची सवलत ठेवल्यावरच तो मंजूर झाला.

सगळे आलबेल आहे असे नाही. त्याच तटबंदीच्या आत गरीब कुटुंबे झोपड्यांतून राहतात आणि पर्यटकांच्या घोडागाड्या त्या गल्ल्यांत सहसा वळत नाहीत. आपल्याकडचा प्रश्न दिसायला वेगळा आहे: माणसे परदेशी, घराला कुलूप, आणि वाटणीचे हक्कदार इतके की फुटलेले कौल बदलायचे कोणी, हेच ठरत नाही. कौल फुटले की आधी रीप कुजते, मग वासा, मग पाणी भिंतीत उतरते. शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी त्याच्याही आधी जाते. फिलिपिन्सच्या विगान शहरातल्या जुन्या घरांनाही याच जातीच्या शिंपल्याची तावदाने आहेत, आणि तिथे खाली दुकान, वर घर अशा वापरामुळे ती घरे टिकली आहेत.

जुन्या गोव्यात सहलीची सुरुवात बासिलिकापासून करू नये. मोन्ती सांता टेकडीवरच्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या भग्नावशेषांपासून करावी. हे चर्च 1602 चे, मनिलाचे सान आगुस्तिन 1607 चे, आणि दोन्ही ऑगस्टिनियन या ख्रिस्ती साधूंच्या एकाच संघाची. मनिलाच्या चर्चने मोठे भूकंप सोसले, 1945 च्या लढाईत इंत्रामुरोस बेचिराख झाले तरी ते उभे राहिले. गोव्यातले चर्च मात्र कोणत्याही लढाईत पडले नाही. 1835 च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, इमारत ओस पडली, 1842 मध्ये कमान कोसळली आणि 1931 मध्ये 46 मीटर उंच मनोऱ्याचा निम्मा भाग ढासळला. फिलिपिन्समध्ये स्पेनने संघ राहू दिले. वापर थांबला की दुरुस्ती थांबते, हे मुलांना इथे डोळ्यांनी दिसते. इथे सावली नाही, म्हणून सकाळी दहाच्या आत आटोपावे.

त्यानंतर बासिलिका. बाकीची चर्चे पांढरी आणि हीच तांबडी का, असे मुलांना विचारावे. 1950 च्या दशकात हिचा चुन्याचा गिलावा काढला गेला आणि तेव्हापासून चिरा (जांभा दगड) उघडा आहे. पावसाचे पाणी त्याच्या छिद्रांत मुरते, आतले क्षार वर येतात आणि दगडाचा भुगा होतो. फिलिपिन्समध्येही जुना दगड उघडा दिसावा म्हणून कित्येक चर्चांचा गिलावा खरवडला गेला आणि तेच घडले. सिमेंट थापणे हा उपाय नव्हे. सिमेंट ओल अडवते, त्यामागे चिरा पोखरतो आणि पापुद्रा तेवढा शिल्लक राहतो. मळलेला चुना एकास वाळू तीन हे प्रमाण आपल्या जुन्या गवंड्यांना पाठ होते.

पुढे व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरावे आणि फेरीबोटीने दिवाडी बेट गाठावे. मोठी बस बोटीत घालू नये, कारण ओहोटीला उतार तीव्र होतो आणि बसची शेपटी घासते. ती बाणस्तारी, माशेल, आमोणे पूल अशी नार्व्याला पाठवावी. बेटावर मिनीबस पुरे. पिएदादच्या टेकडीवर दफनभूमीतल्या कपेलच्या (छोट्या प्रार्थनाघराच्या) छताला जुन्या देवळाचे कोरीव दगड आहेत. गोव्याच्या कदंब राजांचे सप्तकोटेश्वर हे शिवमंदिर याच बेटावर होते. बहामनी काळात ते पाडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पाडले. लिंग नदीपार नार्व्याला गेले आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे मंदिर बांधवले. दुसऱ्या फेरीबोटीने मुले लिंगाच्याच वाटेने नार्व्याला पोचतात. हा इतिहास सांगताना शिक्षकाने बहामनींचे पाडकाम गाळू नये आणि पोर्तुगिजांचेही गाळू नये. सोयीचे तेवढे सांगायची सवय दोन्ही बाजूंना आहे.

आता सरकारकडे एक मागणी. फिलिपिन्सने 2023 मध्ये वारसा कायदा दुरुस्त करून स्थानिक स्वराज्य संस्थांवर सांस्कृतिक नोंदणीची जबाबदारी टाकली. नुसते स्मारक संरक्षित करून भागत नाही, हे त्यांना रिझाल स्मारकामागे उठलेल्या टॉवरने शिकवले. 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो रोखला नाही. आपल्याकडे केंद्रीय स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढे 200 मीटर नियंत्रण आहे. पण गावचे पेडे (झाडाभोवतीचे पार), तळीची पायरी, घुमटी, चिऱ्याचे घर यांना ते लागू नाही. पंचायतींनी जैवविविधतेची नोंदवही केलीच आहे. तशीच वारशाची करावी आणि कच्चे काम नववीच्या मुलांकडून घ्यावे. एका वास्तूला एक पान: भिंत चिऱ्याची की मातीची, गिलावा चुन्याचा की सिमेंटचा, छप्पर कसले, ओल कुठे, वापर काय, आणि मीटरची काठी शेजारी धरून चारी बाजूंचे फोटो. घरमालकाची परवानगी आधी घ्यावी, नाहीतर पहिल्याच दारात वाद होतो.

सहलीची तारीख ठरवताना 24 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर हे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनाचे (नऊ दिवसांच्या प्रार्थनांचे) आणि फेस्ताचे दिवस सोडावेत. रविवारी सकाळी मिस्सा असते, तर शुक्रवारी पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय बंद असते.

— इतिहास शिकवणारे काही शिक्षक, तिसवाडी