‘कितवा दिवस?’ विचारणाऱ्या मेडिकलवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

सोलापुरात टॅटू काढणाऱ्या आम्हा काही जणांचं हे पत्र. तुमचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. पूर्व भागात तुमचं दुकान कुणाला विचारत फिरावं लागत नाही आणि नाव छापलेलं तुम्हाला रुचणारही नाही. टॅटू आम्ही दोन-तीन तासांत काढतो. तो भरतो किंवा बिघडतो मात्र पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, गिऱ्हाइकाच्या घरी. त्या काळात माणूस आमच्याकडे परत येत नाही, तुमच्या काउंटरवर येतो. बाही वर सारतो आणि म्हणतो, ‘लय खाजतंय, कायतरी द्या.’ तुम्ही ट्यूब काढायच्या आधी विचारता, ‘कितवा दिवस?’ आभार मुख्यतः या प्रश्नाचे.

कारण तक्रार तीच असली तरी दिवसागणिक तिचा अर्थ बदलतो. सुई कातडीत दीड-दोन मिलिमीटर खोल शाई सोडते, म्हणजे ती रीतसर जखमच. पहिले दोन-तीन दिवस पिवळसर लस येते, थोडी शाईही येते, भोवती लाली आणि ऊब असते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पोपडे सुटतात, त्यांना शाईचा रंग असतो, आणि लोकांना वाटतं डिझाइनच गळून चाललं. खाज सगळ्यात जास्त तेव्हाच. दोन आठवड्यांनी कातडी मिटते, पण महिनाभर चकचकीत, दुधाळ दिसते. दुसऱ्या दिवशीची लाली चालते. पाचव्या दिवशी रोज बोटभर पसरत जाणारी लाली चालत नाही. हे तुम्ही काउंटरच्या पलीकडून, हात न लावता ओळखता.

आणि मग नाही म्हणता. गिऱ्हाइकाला हवं असतं ते खाजेचं मलम, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकाच ट्यूबमध्ये कोंबलेलं. २०१८ साली सरकारनं बरीच स्टेरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये घालून डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, तरी ही ट्यूब मागणारे थांबले नाहीत. ताज्या टॅटूवर ती लावली की खाज आणि लाली दोन्ही बसतात, आणि गोम तिथंच आहे. आत जंतू वाढत असले तर त्याची खूण पुसली जाते. जखम भरायला लागणारी कातडीची वीण मंदावते. लावायचं थांबवलं की खाज पुन्हा उसळते, माणूस पुन्हा लावतो, कातडी पातळ होत जाते. तुम्ही त्याला बिनवासाचं साधं लोशन देता आणि सांगता, खाजलं तर नखानं नाही, तळहातानं हलकं थोपटा. ऐंशी रुपयांची विक्री सोडून वर पाच मिनिटं बोलणारा दुकानदार विरळा.

स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडलाही तुम्ही नकार देता. फेस आला म्हणजे घाण निघाली असं लोकांना वाटतं. त्यात जंतूंबरोबर नव्यानं धरणारी कातडीही जळते. कापूसही देत नाही, कारण त्याचे तंतू लसीत रुततात आणि सुकल्यावर उपटताना खपली घेऊन येतात. साधे कागदी रुमाल देता.

धुण्याबद्दल तुम्ही जे जोडून सांगता, ते टॅटूच्या काळजीसाठी आम्ही देतो त्या कार्डावरही नव्हतं. आम्ही आपलं छापलं होतं, ‘दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यानं, बिनवासाच्या साबणानं धुवा.’ पण या गावात नळ रोज येत नाही. पाणी ड्रममध्ये, हौदात दिवसेंदिवस साठवलेलं असतं आणि त्यात दहा वेळा तांब्या बुडतो. तुम्ही सांगता, पहिले आठ दिवस टॅटूपुरतं लिटरभर पाणी वेगळं उकळा, झाकून कोमट होऊ द्या आणि वरून धार सोडा, हात बुडवू नका. स्वच्छ बोटांनी गोल फिरवत लस निघेपर्यंत धुवायचं. लस राहिली की जाड खपली धरते आणि जाड खपली पडताना शाईचा तुकडा घेऊन जाते. विहीर, तलाव, पोहण्याचा हौद तीन आठवडे बंद.

मलमाच्या मापाला तर दाद द्यावी तेवढी थोडी. ‘पातळ थर’ म्हणजे किती, हे आम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. तुम्ही म्हणता, मालदांडी ज्वारीचे तीन दाणे, चार बोटं रुंद टॅटूला तेवढंच. धुतल्यावर टिपून घ्यायचं, दहा मिनिटं उघडं ठेवायचं, मग लावायचं. मिनिटभरानं कागदी रुमाल अलगद टेकवून बघायचा. तेलाचा डाग पारदर्शक उमटला तर जास्त झालं, तेवढं टिपून काढा. कागद जेमतेम ओलसर झाला तर बरोबर. लोक उलट करतात. जास्त लावलं की लवकर बरं होईल म्हणून पेट्रोलियम जेलीचा लेप देतात, खालची खपली भिजून पांढरी, लिबलिबीत होते आणि कपड्याला चिकटून निघते. आमच्या मते दुर्लक्षापेक्षा अशा लाडानं बिघडलेले टॅटू जास्त असतात.

टॉवेल आणि चादरीसाठी सोलापूर जगभर ओळखलं जातं, आणि नव्या टॅटूचे वैरी तेच दोन. टेरी टॉवेलच्या फाश्यांत पोपडा अडकतो. चादर जाड आणि खरबरीत, रात्री कूस बदलताना घासते. जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी अंथरा, हे तुम्ही बायकांना तेलुगूत सांगता तेव्हा त्या हसतात, पण ऐकतात. मागावर काम करणाऱ्याला तुम्ही सैल, पूर्ण बाहीचा सुती शर्ट सांगता, कारण कारखान्यात हवेतच कापसाचं तूस असतं. विडी वळणाऱ्या बाईच्या हातावर टॅटू असला तर तंबाखूची भुकटी बसू नये म्हणून मनगटापर्यंत सैल बाही, आणि काम संपल्यावर आधी हात, मग टॅटू धुवायचा.

उन्हाळ्याबद्दल थोडं. सलाइनच्या सुईवर लावतात तशी पारदर्शक चिकटपट्टी आम्हीही लावून देतो. थंडीत ती तीन-चार दिवस राहते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पट्टीखाली घाम साठतो, कड सुटते आणि तिथून मळ आत शिरतो. कड सुटली की काढा, वरून दुसरी पट्टी चिकटवू नका, हा तुमचा सल्ला आम्ही उचलला आहे. काढताना कोमट पाण्याखाली, वर न ओढता कातडीला समांतर ताणत. ऊन लागू नये म्हणून कापड. सनस्क्रीन कातडी मिटल्यावरच, ३० एसपीएफच्या पुढचं.

हळदीचं तुम्ही एका वाक्यात मिटवता: ‘घरातली हळद भाजीसाठी दळलेली असते, जखमेसाठी नाही.’ रक्तदानाचं कुणी विचारलं तर, वर्षभर थांबा.

आणि कुणाला थांबवून ठेवायचं नाही, हेही तुम्हाला पक्कं ठाऊक. पसरणारी लाली, वासाचा पू, ताप, टॅटूपासून काखेकडे किंवा जांघेकडे गेलेली लाल रेघ दिसली, तर ‘आजच सिव्हिलला त्वचेच्या विभागात जा.’ साखरेचा आजार असेल तर त्याहून आधीच. फक्त लाल रंगाचाच भाग आठवड्यांनंतर सुजून खाजत असेल, तर ती बहुधा रंगाची ॲलर्जी, डॉक्टरांनीच बघायची. करड्या छटेत बारीक पुटकुळ्या उठल्या, तर मात्र तुम्ही आधी आम्हाला फोन करता. करड्या छटेसाठी काळी शाई पातळ करतात; ती नळाच्या पाण्यानं केली की पाण्यातले जंतू सुईबरोबर आत जातात, आणि त्या पुटकुळ्या ना मलमाचा दोष ना गिऱ्हाइकाचा, काढणाऱ्याचा. तुमच्या अशाच एका फोननंतर आमच्यातल्या प्रत्येकाच्या टेबलावर इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्याच्या कुप्या आल्या.

नवी कार्डं छापायला टाकली आहेत, मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये. ज्वारीच्या दाण्यांचं माप आणि उकळलेल्या पाण्याचं वाक्य तुमचंच आहे. शंभर कार्डं तुमच्या काउंटरवर आणून ठेवतो. कन्नड मजकूर एकदा नजरेखालून घाला, आमच्यात ते नीट वाचणारं कुणी नाही.

आपले,
सोलापुरातले टॅटू काढणारे