नेहरूनगरच्या स्टेडियममधल्या त्या अनोळखी माणसांचे आभार

रविवारी पिंपरीतल्या नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियममध्ये हॉकीचा बाद फेरीचा सामना होता. मी खडकीकरांच्या बाजूची, तर हे विरोधी संघाचे; तरुणपणी त्याच संघाकडून खेळलेले. 15-15 मिनिटांची चारही सत्रं संपली तरी बरोबरीच. मग शूटआउट, म्हणजे दोन्हीकडचे पाच-पाच खेळाडू एकेक करून गोलरक्षकासमोर. गोल करायला फक्त 8 सेकंद! त्यांचा पाचवा खेळाडू धावला आणि हे घामाघूम होऊन माझ्या खांद्यावर कलंडले.

ह्यांना सावलीत नेणारे, मीठ-साखरेचं पाणी पाजणारे तुम्ही सगळे आमच्या बाजूचे होतात. ह्यांच्या गळ्यातला विरोधी संघाचा रुमाल तुम्हीच ओला करून कपाळावर ठेवलात. शेवटचा गोल तुमच्यापैकी कुणीच पाहिला नाही, हे मला नंतर उमगलं. ह्यांची तब्येत आता चांगली आहे. नावं विचारायची राहिली. तुमचे मनापासून आभार.