युगांडाला निघालेल्या मित्रास पत्र

प्रिय महेश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. उत्तर युगांडातल्या कितगुमला वर्षभर जायचं नक्की केलंस, तेही हापसे दुरुस्तीच्या कामासाठी, हे वाचून फार बरं वाटलं. सोबत काय न्यावं, आधी काय शिकून घ्यावं, असं विचारलंयस. सामानाचं शेवटी सांगतो. आधी कामाचं बोलू, कारण जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात इतकी वर्षं काढल्यामुळे तुला तिथलं बरंच ओळखीचं वाटेल, आणि गफलत नेमकी तिथेच होते.

हापसा तोच आहे. युगांडात ज्याला यू-२ म्हणतात तो आपला इंडिया मार्क २, आणि यू-३ म्हणजे मार्क ३. पोलादी दांडा आणि साखळी ही त्याची रचना जालना-सोलापूरकडच्या पंपांतून पुढे आली, हे तुला सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. ६२०४ नंबरची दोन बेअरिंगं, ६३.५ मिलिमीटरचं सिलिंडर, १२ मिलिमीटरचे रॉड, तीन-तीन मीटरचे पाइप, सगळं तेच. जमिनीखालचं पाणी मात्र वेगळं.

आपल्या काळ्या दगडातलं पाणी बहुतेक ठिकाणी जड, क्षारांचं. त्यात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप बरीच वर्षं टिकतो. तिकडचा खडक फार जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा आणि वरून खोलवर झिजलेला. त्यातलं पाणी पुष्कळ ठिकाणी आम्लधर्मी निघतं. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ६.५ च्या खाली गेला की जस्ताचा मुलामा तग धरत नाही. गंज आधी आट्यांवर चढतो, कारण आटे पाडताना तिथला मुलामा निघालेला असतो. मग पाइपला बारीक भोकं पडतात, पाणी वर येण्याऐवजी बोअरमध्येच परत पडतं, आणि एके दिवशी आटे तुटून उरलेले पाइप सिलिंडरसकट खाली जातात. पण त्याच्या कितीतरी आधी लोकांनी हापसा सोडलेला असतो. पाणी लाल येतं, चव लोखंडाची लागते, चहा काळा पडतो, पांढरे कपडे पिवळे होतात. बाया मुकाट्यानं पुन्हा ओढ्याकडे वळतात. कार्यालयातल्या यादीत मात्र तो हापसा ‘चालू’ असतो. यादीवर विसंबू नकोस, हापशाभोवती पायवाट मळलेली आहे का ते बघ.

युगांडाच्या पाणी मंत्रालयानं २०१६ मध्ये नव्या आणि दुरुस्तीच्या बोअरवर जीआय पाइप वापरू नयेत असा आदेश काढला. तरी जमिनीत आधी गेलेले जीआय पाइप अजून खूप आहेत. म्हणून लाल पाण्याची तक्रार आली की आधी एक साधी परीक्षा कर. पहाटे कोणी हापसायच्या आत पहिलं पाणी एका पांढऱ्या बादलीत घे. मग माणसं बदलत सलग हापसत राहा आणि दर दहा मिनिटांनी नमुना घेऊन ओळीत मांड. पाणी हळूहळू निवळत गेलं तर लोह पाइपांमधून येतंय, पाइप बदलले की प्रश्न मिटेल. तास-दीड तासानंतरही रंग तसाच राहिला तर लोह भूजलातच आहे. तिथे स्टेनलेस पाइपांवर पैसे घालून उपयोग नाही, गाळणी तरी बसवावी लागेल किंवा जागा तरी बदलावी लागेल. ही परीक्षा न करता पाइप बदलले जातात आणि पाणी लालच राहतं. त्यानंतर वर्गणी मागायला कोणत्या तोंडानं जायचं?

पाइप घेताना ३०४ ग्रेडचं स्टेनलेस मागायचं. दुकानदार चुंबक लावून दाखवेल. चुंबकानं एवढंच कळतं की तो जीआय नाही. २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि तो या पाण्यात ३०४ इतका टिकत नाही. म्हणून माल कारखान्याच्या प्रमाणपत्रासकट घे, आणि आट्यांपाशी भिंतीची जाडी कॅलिपरनं मोज. दुसरं म्हणजे अर्धे पाइप स्टेनलेस आणि अर्धे जुने जीआय असं कधीही करू नकोस. पैसे कमी आहेत म्हणून हा मोह सगळ्यांना होतो. दोन धातू एकमेकांना भिडले की जीआय आणखी वेगानं सडतो.

खोलीचा हिशेब तुला पाठ असेल, तरी लिहितो. ४५ मीटरवर सिलिंडर म्हणजे १५ पाइप. जीआयचा एक पाइप साधारण दहा किलोचा, रॉड पावणेतीन किलोचा, शिवाय तळाचा व्हॉल्व्ह धरून असेल तर पाइपांत मीटरमागे एक लिटर पाणी. सगळं मिळून सव्वादोनशे किलोच्या पुढे वजन पाना आणि क्लॅम्पवर लटकतं. मार्क २ मध्ये पिस्टन पाइपातून वर येत नाही, त्यामुळे वॉशर बदलायलासुद्धा सगळी लाइन बाहेर काढावी लागते. सहा माणसं हवीत. वरचा पाइप सोडण्याआधी खालचा पाइप क्लॅम्पमध्ये घट्ट बसलाय याची खात्री एकाच माणसानं करायची आणि त्यानं ‘सोड’ म्हटल्याशिवाय कोणी हात काढायचा नाही. क्लॅम्पचे दाते झिजलेले असतील तर त्या दिवशी काम करू नका. वॉशर नायट्राइल रबराचे घाल. उलट बांधणी करताना शेवटचा रॉड पिस्टन तळाला टेकलेला असताना हापशाच्याच पाण्याच्या टाकीच्या वरच्या कडेशी खूण करून कापायचा, कानशीनं धार घालवायची आणि मग आटे पाडायचे. हा रॉड लांब राहिला तर दांडा पूर्ण फिरत नाही, तोकडा पडला तर पिस्टन वर आदळतो.

दुरुस्तीनंतरच्या दोन चाचण्या मेकॅनिककडून दरवेळी करवून घे. पहिली, मिनिटभरात ४० पूर्ण हेलकावे देऊन १५ लिटर पाणी आलं पाहिजे. दहाच्या खाली आलं तर वॉशर गेलेत. दुसरी, पाणी आल्यावर अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा हापसायचं. पाचाहून जास्त हेलकाव्यांनंतर पाणी आलं तर कुठेतरी गळती आहे. शेवटी १५ लिटर पाण्यात ३०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून बोअरमध्ये ओतायची, दांडा रात्रभर बांधून ठेवायचा आणि सकाळी वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकायचं.

‘मेकॅनिककडून करवून घे’ असं मुद्दाम लिहिलंय. हे सगळं तुला स्वतःला सफाईनं येतं, म्हणूनच सांगतो, पाना हातात घेऊ नकोस. युगांडात दर उपतालुक्यात प्रशिक्षित हापसा मेकॅनिक असतात. त्यांना पगार नाही, कामाप्रमाणे गावच्या पाणी समितीनं पैसे द्यायचे अशी व्यवस्था आहे. परदेशी संस्थेचा माणूस गाडीतून येऊन फुकटात हापसा चालू करून गेला की त्या मेकॅनिकचं त्या महिन्याचं पोट जातं, आणि पुढच्या वेळी गाव त्याला बोलावत नाही, गाडीची वाट बघतं. वर्षानं तू परत येशील. तो तिथेच असणार आहे. तू त्याच्या मागे उभा राहा: त्याला सुटे भाग वेळेवर मिळवून दे, बिल कसं लिहायचं ते दाखव, जिल्हा पाणी अधिकाऱ्याकडे त्याच्यासोबत जा.

पैशांचा प्रश्न कठीण का, हे समजायला तिथला इतिहास माहीत हवा. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी ही बंडखोर संघटना आणि सरकारी फौज यांच्यामधलं युद्ध १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २००६ पर्यंत चाललं. १९९६ पासून सरकारनं गावं रिकामी करून लोकांना छावण्यांत हलवलं. २००५ च्या सुमारास उत्तरेत अठरा लाखांच्या आसपास माणसं विस्थापित होती. छावणीत अन्न, पाणी, औषध सगळं संस्थांनी दिलं, शेतीवर जाण्याची सोय नव्हती. ऑगस्ट २००६ च्या युद्धबंदीनंतर लोक हळूहळू घरी परतले, तेव्हा बोअर राहिले छावण्यांच्या जागी आणि माणसं विखुरली रानात. दहा वर्षं ज्यांच्याकडून कोणी एक शिलिंग मागितला नाही, त्यांना एकदम दरमहा पाणीपट्टी द्या म्हणणं सोपं नाही. त्यात निवडणूक आली की कोणीतरी ‘पाणी फुकट’ असं सांगून जातो.

दरमहा गोळा करायच्या वर्गणीचा आग्रह म्हणून धरू नकोस. लोकांच्या हाती पैसा येतो तीळ आणि बाकीची पिकं विकल्यावर, वर्षअखेरीच्या सुमारास. तेव्हा वर्षाची रक्कम एकदम घेतली तर जमते. आणि ती खजिनदाराच्या घरी ठेवू नये. गावोगावी बचतगट आहेत, त्यांची तीन कुलपांची पेटी असते, किल्ल्या तीन वेगळ्या माणसांकडे. हापशाचे पैसे त्याच पेटीत स्वतंत्र पिशवीत ठेवून गटाच्या नियमानं कर्जाऊ दिले तर व्याजानं वाढतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहतात. समितीत निम्म्या बाया असाव्यात असा तिथला नियम आहे. त्या बैठकीत बोलतात की नुसत्या बसतात याकडे लक्ष दे.

जमिनीचं फार जपून. कितगुम ज्यात येतं त्या अचोली भागात बहुतेक जमीन कुळाची, कागद नसलेली. सीमा ज्यांना तोंडपाठ होत्या त्या म्हाताऱ्यांपैकी अनेक जण छावण्यांतच वारले. त्यामुळे परतल्यावर बांधावरून भांडणं सुरू झाली. नव्या बोअरसाठी भूगर्भतज्ज्ञानं जागा दाखवली म्हणजे झालं असं नाही. जमीनवाल्या कुटुंबाची, शेजारच्या दोन्ही बाजूंची, गावच्या एलसी-१ अध्यक्षाची (एलसी-१ म्हणजे गावपातळीची स्थानिक परिषद) आणि रुवोत क्वेरीची, म्हणजे शेतीची कामं लावून देणाऱ्या गावच्या प्रमुखाची सही लेखी घे. इथे पुरलेलं माणूस आहे असं कोणी म्हणालं तर वाद न घालता दुसरी जागा शोधा. घराजवळ पुरण्याची तिथली रीत आहे आणि युद्धाच्या वर्षांत पुरलेल्यांची सगळ्यांची खूण उरलेली नाही.

आणखी एक. तुझ्याबरोबर पाइप ओढणारा चाळिशीचा माणूस लहानपणी बंडखोरांनी पळवलेला असू शकतो, शेजारी बसलेल्याचा भाऊ त्याच काळात मारला गेलेला असू शकतो. दोघं एकाच हापशावर पाणी भरतात. ‘तू तेव्हा कुठे होतास’ हा प्रश्न तू विचारू नकोस, आणि फोटोही विचारल्याशिवाय काढू नकोस. कोणी आपण होऊन बोललं तर ऐक. ते संस्थेच्या अहवालात घालू नकोस.

आता राहण्याचं. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येत नाही. परमिटची कागदपत्रं संस्थेनं पाठवल्याशिवाय तिकीट काढू नकोस. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घे. ते पिवळं कार्ड परत येताना भारतातही दाखवावं लागतं, नाहीतर विलगीकरणात ठेवतात. मलेरिया तिथे रोजचा आहे आणि बहुतेक फाल्सिपेरम या धोकादायक जातीचा. डॉक्टरांनी तो टाळायला डॉक्सीसायक्लिन दिलं तर रोज १०० मिलिग्रॅम, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवडे, मध्ये खंड नको. गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घे आणि लगेच आडवा होऊ नकोस, अन्ननलिकेला जखम होते. या गोळीमुळे उन्हात कातडी लवकर भाजते, पूर्ण बाह्यांचे शर्ट ने. ताप आला तर दुखण्याची गोळी खाऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्त तपासायचं. परतल्यावरही काही महिने ताप आला तर डॉक्टरांना युगांडाचं नाव सांग.

जेवणाची काळजी करू नकोस. नाचणी आणि ज्वारीच्या पिठाचं घट्ट क्वोन, तुरीचे दाणे, चवळीचा पाला, तीळ-शेंगदाण्याचं वाटण. मालाक्वांग नावाचा पाला अंबाडीच्या कुळातला, तसाच आंबट, त्यात ते वाटण घालून शिजवतात; तुला नक्की आवडेल. बाजारात पहिल्यांदा सगळे तुला दुकानदार समजतील, कारण तिथल्या शहरांत भारतीय म्हणजे व्यापारी, आणि १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना देशाबाहेर काढल्याच्या आठवणी दोन्ही बाजूंना आहेत. सुरुवातीला खरेदीला मेकॅनिकबरोबर जा, त्यानं ओळख करून दिली की पुढचं सोपं होतं. भेटल्याबरोबर कामाचं बोलू नकोस. आधी ‘कोपांगो’ म्हणायचं, घरचं विचारायचं, मग हापसा.

डिसेंबर ते मार्च कोरडा हंगाम. रस्ते चांगले, आणि हापशांवर सगळ्यात जास्त ताण तेव्हाच. एका हापशावर ३०० माणसं हे तिथलं प्रमाण. माणशी २० लिटर धरलं तर २० लिटरचे ३०० जेरीकॅन, म्हणजे सलग साडेसहा-पावणेसात तास हापसणं. प्रत्यक्षात रांगेत शेजारच्या गावांचीही भर असते. दुरुस्त्या नोव्हेंबरातच उरकतील असं वेळापत्रक मेकॅनिकांबरोबर बसून लाव, आणि साखळीला ग्रीस, नट-बोल्ट आवळणं एवढं गावच्या राखणदाराकडून दर महिन्याला करवून घे. १९ चा एक पाना त्याच्याकडे कायम ठेवला तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

सामान थोडंच ने. पाइप पाने, क्लॅम्प तिथे मिळतात, उगीच वजन वाहू नकोस. रॉडला आटे पाडायची एम-१२ ची चांगली डाय आणि हँडल, एक कॅलिपर, खिशातला पीएच मीटर आणि तो जुळवायला ४ आणि ७ ची बफर पाकिटं भरपूर, पाण्याची पातळी मोजायची टेप, डोक्याला लावायची बॅटरी. पोहोचल्यावर पहिले पंधरा दिवस काहीही दुरुस्त न करता मेकॅनिकबरोबर फिरून जितके हापसे होतील तितक्यांचा पीएच, पाण्याची पातळी आणि पाइपांचा धातू वहीत उतरव. त्या पानांचे फोटो मला पाठव, म्हणजे कुठल्या गावांना स्टेनलेस आधी लागेल ते आपण दोघं मिळून बघू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरविंद