लूपचा सांधा

संपादक महोदय,

घरच्या घरी व्हिडिओ एडिटिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. अ‍ॅप कोणतं घ्यावं, इफेक्ट कुठले टाकावेत, सगळं आहे त्यात. पण सिनेमांचे तुकडे जोडून लूपवर फिरत राहणारा व्हिडिओ करायचा, तर नवशिका नेमका कुठे आपटतो याबद्दल एक ओळ नाही. मी नुकताच आपटलोय, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त ग्रंथपाल. आमच्या चित्रपट मंडळाने दाराजवळच्या पडद्यासाठी दीड मिनिटाचा लूप करायचं काम माझ्या गळ्यात मारलं. विषय मी निवडला : दारं. हक्क संपलेल्या जुन्या मूकपटांमधून दार ढकलणारी, आपटणारी, फटीतून डोकावणारी माणसं गोळा केली. एका सिनेमातला माणूस बाहेर पडतो, कट, दुसऱ्या सिनेमातला आत येतो आणि पाहणाऱ्याला एकच घर दिसतं. कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हाच खेळ केला होता. मॉस्कोत भेटलेली माणसं त्याने पुढच्या तुकड्यात थेट व्हाइट हाउसच्या पायऱ्या चढवली. पथ्य एकच. पडद्याच्या उजवीकडून गेलेला पुढच्या तुकड्यात डावीकडून आला पाहिजे, नाहीतर काहीतरी विसरलं म्हणून परत आल्यासारखा दिसतो.

यात मला खूप मजा आली. चूक झाली ती शेवटी.

दोन दिवसांनी दारावरचे काका म्हणाले, ‘‘साहेब, तुमचा पडदा मधेच डोळा मिचकावतो.’’ मी तो व्हिडिओ तीन-चारदा पाहिला असेल. काका चार तासांच्या पाळीत १६० वेळा पाहत होते. घरी येऊन टाइमलाइन, म्हणजे अ‍ॅपमधली तुकडे ओळीने मांडायची पट्टी, मोठी करून बघितली. सवयीने शेवटी फेड टाकून पडदा काळा केला होता, ही एक चूक. दुसरी अशी, की खालची संगीताची पट्टी चित्रापेक्षा तीन फ्रेम (म्हणजे तीन सुटी चित्रं) लांब राहिली होती आणि एक्सपोर्ट, म्हणजे तयार फाइल, तिच्या टोकापर्यंत झालं होतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक अष्टमांश सेकंद निव्वळ अंधार. तेवढा डोळ्याला पुरतो. (संगीत मग काढूनच टाकलं. लूपच्या सांध्यावर तेही टचकन तुटत होतं, आणि ऐकणाऱ्या काकांची दयाही आली.)

उपाय सोपा निघाला. एकच दार घ्यायचं आणि ते उघडत असतानाच क्लिप मधून कापायची. कापलेला पहिला भाग व्हिडिओच्या शेवटी, दुसरा भाग सुरुवातीला. शेवटची फ्रेम आणि पहिली फ्रेम मूळ शॉटमध्ये शेजारी-शेजारीच होत्या, त्यामुळे सांधा दार उघडण्याच्या हालचालीत मुरून जातो. फक्त एकच फ्रेम दोन्हीकडे राहू देऊ नये. माझ्याकडून राहिली होती आणि दार क्षणभर अडखळायचं, बिजागरी गंजल्यासारखं.

तरीही पडदा कधीकधी थबकायचा, पण तो दोष प्लेअरचा. फाइल संपली की काही प्लेअर ती नव्याने उघडतात आणि तेवढ्यात श्वास घेतात. म्हणून दीड मिनिटाचा लूप टाइमलाइनवर ४० वेळा ओळीने ठेवला आणि तासाभराची एकच फाइल काढली. आता अडखळला तर तासातून एकदा.

एक गोष्ट मात्र साधली नाही. मूकपट बरेचदा सेकंदाला १६ ते २० फ्रेमच्या आसपास चित्रित होत. २४च्या वेगाने चालवले की माणसं लगबगीने पळतात. वेग कमी केला तर सॉफ्टवेअर त्याच फ्रेम पुन्हा पुन्हा घालतं आणि चाल धक्क्याधक्क्याची होते. शेवटी पळू दिलं. चित्र ताणून रुंद पडदा भरायचा मोह मात्र टाळला. चौकोनी काळातली माणसं आडवी फुगवण्यापेक्षा बाजूच्या काळ्या पट्ट्या बऱ्या.

लेखमालेच्या पुढच्या भागात इफेक्ट थोडे कमी करून या सांध्याला जागा द्यावी, एवढी विनंती.

परवा काकांना मुद्दाम विचारलं, ‘‘हे सुरू कुठून होतं?’’ ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, ‘‘त्या टोपीवाल्यापासून.’’ टोपीवाला सतरावा तुकडा आहे.

आपला,
एक नियमित वाचक