जिना आणि रेफ्युज एरिया रिकामा करा, फॉर्म बी चं काम आहे

सर्व मेंबर्सना नमस्कार, जुलैचं फॉर्म बी (आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट) द्यायचंय, 2006 च्या महाराष्ट्र फायर ॲक्टप्रमाणे ते वर्षातून दोनदा लागतं, जानेवारी आणि जुलै, त्यामुळे लायसन्सवाल्या एजन्सीचा माणूस रविवारी पंप, होज रील, अलार्म सगळं चेक करणार आहे. तोपर्यंत जिन्यातले चपलांचे रॅक, सायकली, कुंड्या प्लीज घरात घ्या. रेफ्युज एरियात कोणीतरी जुना सोफा टाकलाय (कोणाचा ते सगळ्यांना माहितीये), ती जागा आग लागली तर माणसांना थांबायला ठेवलेली असते, गोडाऊन नाही. आणि फायर डोअरला वीट लावून ते उघडं ठेवू नका हो, वारा येतो कबूल, पण धूरही तिथूनच जिन्यात शिरतो. आग लागली तर लिफ्ट नाही, जिनाच, आणि फोन 101 ला.